आदी चढवा, मग पुसा

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एक लांबलचक टेबल आहे, आणि त्या टेबलावर पांढऱ्या ऑइलपेंटनं आखलेले चोवीस चौकोन आहेत. नवख्या माणसाला वाटतं, इथले मास्तर फावल्या वेळात सोंगट्या खेळत असावेत. तसं असतं तर बरं झालं असतं, निदान कधीतरी कुणीतरी जिंकलं असतं. हे चौकोन आमच्या पुकळे सरांनी आखलेत. ते कम्प्युटर शिकवतात, मी मराठी शिकवतो. गेली अकरा वर्षं आम्हा दोघांत हे टेबल, एक लोखंडी कपाट आणि कॉलनीतल्या घरांची मधली भिंत सामाईक आहे. एवढं सामाईक असूनही मी अजून शहाण्या माणसासारखा बोलतो, याचं श्रेय दुसरं कुणी देत नाही म्हणून मीच घेतो.

चौकोनांचा नियम असा. एका चौकोनात एकच वस्तू. चोवीस भरले आणि पंचविसावी वस्तू आली, की जिला सगळ्यांत जास्त वेळ कुणी हात लावलेला नाही ती उचलून कपाटात टाकायची. ती कुणाची आहे, कामाची आहे की बिनकामाची, हे बघायचं नाही. कम्प्युटर असंच करतो म्हणे. टेबल म्हणजे त्याची रॅम, लहान पण हाताशी. कपाट म्हणजे हार्ड डिस्क, मोठी पण लांब. कपाटाच्या कडीला सुतळीनं एक वही बांधलेली असते, कुठली वस्तू कुठं गेली ते तिच्यात लिहायचं. माल हरवला तर सापडेल पण वही हरवली तर माल असून नसल्यासारखा, असं सर सांगतात, आणि म्हणून वहीची दुसरी प्रत स्वतःच्या पिशवीत घेऊन फिरतात.

पहिल्याच आठवड्यात माझा जेवणाचा डबा कपाटात गेला. मी लागोपाठ तीन तास वर्गावर होतो, तेवढ्या वेळात डब्याला कुणी हात लावला नाही, हा डब्याचा गुन्हा. वहीत नोंद होती: 'डबा, स्टील, मराठी. कप्पा तीन, डावीकडून चौथा.' काढला तेव्हा तो खडूच्या खोक्याला आणि फिनेलच्या बाटलीला टेकून बसला होता. मी म्हणालो, सर, जेवणाच्या डब्याला कुणी तासातासाला हात लावत नसतं. त्यांनी माझ्याकडं नापास मुलाकडं बघावं तसं बघितलं.

"आवं मराठीवाले, जागा कुणाच्या बापाची न्हाई. जागा वापरणाऱ्याची."

हे त्यांचं लाडकं वाक्य. एसटीत रुमाल टाकून सीट धरणाऱ्याला, पंगतीत जेवण संपवून गप्पा मारत बसलेल्याला, आणि एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत दाढी झाल्यावर पेपर वाचणाऱ्या माजी सरपंचाला त्यांनी ते ऐकवलं आहे. सरपंचांनी उत्तरादाखल जे ऐकवलं ते मी मराठीचा मास्तर असूनही इथं लिहू शकत नाही.

डब्यानंतर माझ्या चाचणीचे पेपर गेले. साठ पेपरांचा गठ्ठा एका चौकोनात मावेना म्हणून सरांनी त्याचे तीन भाग केले. एक ते वीस टेबलावर, एकवीस ते चाळीस कपाटाच्या वरच्या कप्प्यात, आणि कपाट भरल्यामुळं उरलेले वीस जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, बेडकाच्या बरणीशेजारी. मी तणतणत गेलो. ते म्हणाले, कागद शेजारीशेजारीच पाहिजेत असं कुठं लिहिलंय? वहीत क्रम आहे ना, मग माल गावभर का असेना. आणि वाईट याचं वाटलं की वहीप्रमाणं पाच मिनिटांत साठच्या साठ पेपर क्रमानं माझ्या हातात आले. त्यांची पद्धत चालते, हा त्यांचा सगळ्यांत त्रासदायक गुण आहे.

फक्त परीक्षेच्या दिवसांत ती चालत नाही. सगळ्या विषयांचे गठ्ठे एकदम आले की प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट टेबलावर हवी असते. मग माझा गठ्ठा आला की भूगोलाचा जातो, भूगोलवाले आपला काढतात तर इंग्रजीचा जातो, इंग्रजीच्या बाई येतात आणि माझा जातो. एकदा प्राचार्य डोकावले तेव्हा आम्ही चार जण दोन तास टेबल-कपाट, कपाट-टेबल करत होतो आणि एकाही पेपरवर लाल रेघ पडलेली नव्हती. पुकळे सर घामाघूम, पण चेहऱ्यावर समाधान. जागा कमी पडली की कम्प्युटरचंही नेमकं असंच होतं, नुसती हलवाहलव, काम शून्य, असं त्यांनी प्राचार्यांना सांगितलं. हे आमच्या बचावासाठी होतं, असं त्यांना वाटत होतं.

तर असा हा काटेकोर माणूस. दुनियेचा कागद जिथल्या तिथं. आणि याच माणसानं, लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी, पोटच्या एकुलत्या एक मुलीचं नाव आपल्या रेशनकार्डावरून कमी करून दिलं नव्हतं. इथलं कमी झाल्याचा दाखला मिळाल्याशिवाय सासरच्या कार्डावर तिचं नाव चढत नाही. आता सोनालीला सातवा महिना, डॉक्टर सिझेरियनचं बोलत होते, आणि दवाखान्याच्या सरकारी योजनेत बसायचं तर कार्डावर नाव पाहिजे. एका दाखल्यासाठी पोरगी अडली होती. मला सांगायचं आहे ते त्या नावाबद्दल. पण पुकळे सर म्हणजे काय चीज आहे हे कळल्याशिवाय तो घोळ कळायचा नाही, म्हणून आधी थोडं मागं जावं लागेल.

सर मूळचे दुष्काळी माण तालुक्यातले. घरी मेंढरं. वडील पाऊस सरला की दीडशे मेंढरं घेऊन कृष्णाकाठ धरायचे, आणि पाचवी-सहावीपर्यंत सरही त्यांच्या मागं. तिकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. चार दिवस एकाच्या रानात, चार दिवस दुसऱ्याच्या. स्वतःच्या मालकीची जागा टीचभर नाही आणि मेंढरू एकही उपाशी नाही. कम्प्युटरची मेमरी हा धडा सर दरवर्षी याच मेंढरांवरून शिकवतात. त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून आहे आणि आवाज डोंगरावरून हाळी द्यायच्या सवयीचा, त्यामुळं माझ्या मुलांची कविता कितीही कच्ची राहिली तरी मेमरी पक्की होते.

"परतेक मेंढराला वाटतं, समदं रान आपल्या एकट्याचंच हाय," भिंतीपलीकडून ऐकू येतं. "परतेक प्रोग्रामला बी असंच वाटतं. समदी मेमरी आपलीच. त्याला कळू द्याचं न्हाई, की शेजारी आनि धा जण चरत्यात. ह्ये कळू न देनारा जो काठी घिऊन बसलेला असतो, ती ऑपरेटिंग सिस्टीम. आमच्यात माझा बाप."

एका मुलानं चाचणीत लिहिलं, 'ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे पुकळे सरांचे वडील.' सरांनी त्याला पूर्ण मार्क दिले.

प्राचार्य मात्र त्यांना वचकून असतात, आणि त्याला कारण आहे. बारावीच्या अंतर्गत गुणांची फाईल पाठवायच्या आदल्या दिवशी ती प्राचार्यांच्या हातून डिलीट झाली. साहेबांना स्वच्छतेची फार आवड, म्हणून त्यांनी कम्प्युटरमधली कचरापेटीही रिकामी केली. मग सगळं ऑफिस त्या कम्प्युटरभोवती जमून आपापल्या परीनं बटणं दाबू लागलं. कुणीतरी पुकळे सरांना सांगितलं. ते तास सोडून धावत आले आणि एक शब्द न बोलता भिंतीतली पिन उपटली. मग खुर्ची ओढून त्या बंद पेटीसमोर बसले आणि कुणालाही चार फुटांच्या आत येऊ दिलं नाही. प्राचार्यांनाही नाही, पेटी प्राचार्यांची असून. हार्ड डिस्क काढून टॉवेलात गुंडाळून लॅबमध्ये नेली आणि संध्याकाळपर्यंत फाईल परत आणली.

तेव्हा चहा पिताना त्यांनी मला समजावलं. डिलीट केलं म्हणजे कुणी फाईल पुसत बसत नाही. यादीतलं तिचं नाव काढतात आणि ती जागा मोकळी म्हणून मांडतात, बस. माल असतो तिथंच. तिथं दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो परत मिळतो. त्यावर लिहिलं, की संपलं. म्हणून आधी सगळ्यांचे हात बांधायचे. मी म्हणालो, हे एका वाक्यात सांगितलं असतं तर प्राचार्यांचा अपमान टळला असता. ते म्हणाले, टाळायचा कशाला?

घरात मात्र त्यांचं राज्य नव्हतं. शालनवहिनींनी ओट्यावर एकही चौकोन आखू दिला नाही. एकदा त्यांनी मसाल्याचे डबे वापराच्या क्रमानं लावायचा प्रयत्न केला, तर वहिनींनी त्यांनाच हलवून ओसरीवर बसवलं, हे आम्ही मधल्या भिंतीतून ऐकलं आहे. सहा वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. दुखणं जेमतेम तीन आठवड्यांचं. बाराव्या दिवसानंतर सर कॉलेजात आले, वही उघडली आणि त्यांच्यामागं आम्ही टेबलावर घातलेला पसारा आवरायला लागले. आम्ही सगळे म्हणालो, घट्ट माणूस आहे. मीही म्हणालो. मी तर 'कोरडा' असा शब्द वापरला होता, आणि तो चपखल बसला म्हणून मनातल्या मनात खूशही झालो होतो.

सोनालीचं लग्न लागलं शिराळ्याकडं. मुलगा चांगला, घर उसाचं, पाणी मुबलक. लग्नातसुद्धा आमच्या सरांची विद्या कामी आली. मुलाचे मामा म्हणाले, मुलीच्या मामाला आधी बसवा, मग आम्ही पानावर बसतो. मुलीचे मामा म्हणाले, पाहुणे बसल्याशिवाय आम्ही कसे बसणार? दोघेही हात जोडून उभे, दोघांच्या मागं पन्नास-पन्नास माणसं उभी, वाढपी आमटीच्या बादल्या घेऊन उभे. कुणी हलेना. मानपानात असं अडकलं की तासाची निश्चिंती. सर आले, दोघांकडं बघितलं, आणि आपल्या मेव्हण्याच्या कानात सांगितलं की तुमची मोटारसायकल कुणीतरी ढकलत नेतंय. मेव्हणा पळाला, पंगत बसली. एकमेकांसाठी अडकलेले दोन प्रोग्राम असले तर एकाला मारून टाकावं लागतं, असा खुलासा त्यांनी मला केला. मेव्हणा अजून त्यांच्याशी बोलत नाही.

सोनाली गेली आणि महिन्याभरात जावयाचा निरोप आला, तेवढं कार्डावरचं नाव कमी करून दाखला द्या. साधं काम. लेक सासरी गेली की इथलं नाव कमी होतं, तिथं चढतं, घरोघर होतं. पण पुकळे सरांच्या घरी काहीही घरोघर होतं तसं होत नाही. त्यांनी हरकत काढली. म्हणे ही पद्धतच चुकीची आहे. कम्प्युटर एका ठिकाणची फाईल दुसऱ्या डिस्कवर हलवतो तेव्हा आधी तिकडं पूर्ण लिहितो, लिहिलेलं बरोबर उतरलं का ते बघतो, आणि मगच इकडची काढतो. उलट केलं आणि मध्येच लाईट गेली तर?

"आदी चढवा, मग पुसा," ते बोट उभारून म्हणायचे. "हितली काडली आन् तितं चढायच्या आत काय झालं, तर माझी पोरगी न हिकडची न तिकडची. कुटल्याच यादीत न्हाई. असं काम मी करनार न्हाई."

तिकडचं ऑफिस म्हणायचं, आधी कमी केल्याचा दाखला आणा. सर म्हणायचे, आधी चढवा. दोन वर्षं हे चाललं. लग्नातल्या दोन मामांच्यात आणि यात काय फरक, असं मी त्यांना विचारलं, तर त्यांनी मला स्टाफरूमच्या खिडकीबाहेरचा लिंब दाखवून पाऊस कधी पडेल यावर चर्चा सुरू केली. मधूनमधून सोनालीचा फोन यायचा. 'प्रोसेस चालू हाय,' एवढं सांगून ते फोन ठेवायचे. मला या प्रकरणाची सुरुवातीला मजा वाटायची. मी चार ठिकाणी रंगवून सांगितलंही. नियमाच्या मागं लागून बापानं लेकीला दोन्ही घरांच्या मध्ये लटकवली आहे, अशी माझी मांडणी होती आणि लोक हसायचे.

मग एका शनिवारी दुपारी सोनालीचा फोन मला आला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण करायला आई नाही म्हणून ती सासरीच थांबली होती. ते तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या दिवशीही नाही. तिनं फक्त सांगितलं की दवाखान्यानं आठ दिवसांची मुदत दिली आहे आणि सासूबाई आता रोज विचारतात.

"काका, आण्णांना मी तिकडची झालेली बघवत न्हाई का? तसं असंल तर तसं सांगू देत. मी परत इचारनार न्हाई."

मला राग आला. खरा राग, नेहमीचा शोभेचा नव्हे. चप्पल घालून मी शेजारी गेलो. सर पुढच्या खोलीत वहीच्या दुसऱ्या प्रतीवरून तिसरी प्रत उतरवून घेत होते. मी उभ्या उभ्या बोललो. म्हणालो, तुमचा तो टेबलाचा खेळ आम्ही सहन केला, पण इथं जित्या माणसाचा प्रश्न आहे. पोरगी अवघडलेली आहे, आणि तुम्ही लाईट जायची वाट बघत बसलाय. तुमच्या जागी वहिनी असत्या तर दाखला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पोचला असता. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे तोंडातून निघतानाच कळलं, पण निघून गेलं.

मला वाटलं, आता बोट उभं राहील. राहिलं नाही. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि वही मिटली. मग विचारलं, सोमवारी पहिले दोन तास ऑफ आहेत का तुम्हाला?

सोमवारी त्यांच्या मोटारसायकलवरून आम्ही तहसीलला गेलो. कार्ड त्यांनी शर्टाच्या आत, बनियनला लागून ठेवलं होतं. पुरवठा शाखेत गर्दी होती, पण खिडकीतल्या मॅडम भराभर काम उरकत होत्या. आमचा नंबर आला. मॅडमनी अर्ज बघितला, लग्नपत्रिका बघितली, कम्प्युटरवर नाव कमी केलं, दाखल्याचा कागद छापून त्यावर सही केली. दोन वर्षं अडलेलं काम सहा मिनिटांत झालं. माझ्या ओठावर एक चांगलं खोचक वाक्य तयार होतं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, कार्डावरचं पण खोडायला लागेल, आणि त्यांनी पेनाच्या डब्यातून जाड काळा मार्कर उचलला.

पुकळे सरांनी कार्डावर पंजा ठेवला.

मॅडम म्हणाल्या, सर, हात काढा. त्यांनी काढला नाही. मागची रांग कुजबुजायला लागली. मला वाटलं, झालं, आता मेंढरांपासून सुरुवात होणार. मी त्यांचा दंड धरला.

"मॅडम, बारीक पेन न्हाई का? मार्कर नको. रेघ मारा, पर नाव वाचता आलं पायजे."

"कमी केलेलं नाव वाचून काय करणार, सर?"

त्यांनी पंजा उचलला. कार्डावर तीन ओळी होत्या. पहिलं नाव त्यांचं. तिसरं सोनालीचं, गोल, एकसारख्या अक्षरात. मधल्या ओळीवर एक काळा पट्टा होता, कडा अगदी सरळ, आतलं एक टिंबही दिसणार नाही असा भरलेला.

"ही समदी नावं सोनीच्या आईनं लिवलीत," ते मॅडमना सांगत होते, पण आवाज इतका खाली होता की मलाच ऐकू आलं असेल. "कार्ड नवं मिळालं तवा दुकानदार म्हनला, वैनी, तुमचं अक्षर बरं हाय, तुमीच लिवा. ती गेली, मी नाव कमी कराय हितं आलो. तवाच्या सायबांनी बारीक रेघ मारली हुती. मला वाटलं, आजून वाचता येतंय, काम आर्धवट ऱ्हायलं. घरी जाऊन मीच मार्करनं नीट केलं." काळ्या पट्ट्याकडं बोट दाखवून ते म्हणाले, "मीच. आन् जगाला सांगत फिरतो, लिवलेल्यावर लिवू नगा म्हनून."

मॅडमनी मार्कर डब्यात ठेवला. पर्समधून स्वतःचं बॉलपेन काढलं, पट्टी घेतली, आणि सोनालीच्या नावावरून केसाएवढी रेघ ओढली. सही समासात केली. शिक्का मारताना कार्ड तिरकं धरलं, शाई अक्षरांवर येऊ नये म्हणून.

बाहेर येऊन मी दाखल्याचा फोटो सोनालीला पाठवला. जावई त्यांच्याकडच्या ऑफिसात वाट बघतच उभे होते. ती फोनवर रडली की हसली ते मला नीट कळलं नाही, पण 'आण्णांना द्या' म्हणाली, आणि आण्णा पहिल्यांदाच 'प्रोसेस चालू हाय' न म्हणता बोलले. जेवलीस का, एवढंच बोलले.

मग ते पायऱ्यांवर बसले, कार्ड मांडीवर ठेवून. मीही शेजारी बसलो. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती कुठं ठेवायची याची सोय आमच्या कुठल्याच वहीत नव्हती. काहीतरी करावं म्हणून मी कार्ड हातात घेतलं. वाईट अक्षर वाचणं हा माझा धंदा आहे. शाईत भिजलेले, घडीत फाटलेले, पोरांनी स्वतःच खाडाखोड केलेले पेपर मी तीस वर्षं वाचतोय. तो काळा पट्टा उन्हात तिरका धरून बघितला. काही दिसेना. सरांनी मार्कर फिरवायचं कामही त्यांच्या पद्धतीनं, चोख केलं होतं.

पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. त्या कोऱ्या जागेवरून सहज अंगठा फिरवला, आणि थांबलो. शालनवहिनी पेन दाबून लिहीत असाव्यात. जाड कागदाच्या पाठीवर अक्षरं फुगून वर आली होती.

मी त्यांचं बोट धरलं आणि काळ्या पट्ट्याच्या बरोबर मागच्या जागेवर नेऊन टेकवलं. पहिल्यांदा त्यांना कळेना. मग बोट हळूहळू सरकायला लागलं, थांबायला लागलं, परत मागं जायला लागलं. तालुक्याची माणसं हातात फायली घेऊन आमच्या दोन्ही बाजूंनी चढत-उतरत होती, आणि आम्ही भर वाटेत जागा अडवून बसलो होतो.

"मराठीवाले," बोट न उचलता ते म्हणाले, "ह्यो श हाय का? लागत न्हाई मला."

"उजवीकडून वाचा, सर," मी म्हणालो. "उलटं उमटलंय, पण सगळं आहे."